लग्नं बघणाऱ्या कुमुदताई

कुमुदताई दातारांना लग्नं बघायचा नाद होता. नाद हाच शब्द बरोबर आहे. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला नाटकांचा, तसा त्यांना लग्नांचा. आणि लग्न ओळखीतलं असावं अशी त्यांची अट नव्हती. उलट जितकं परकं, तितक्या त्या जास्त उत्साहाने निघायच्या. केरळी नर्सचं चर्चमधलं लग्न, पॅलेस्टिनी डॉक्टरच्या बहिणीचं लग्न, खालच्या मजल्यावरच्या इजिप्शियन मास्तरांच्या मुलाचं लग्न. आमंत्रण आलं की त्या ड्यूटी बदलून घ्यायच्या, मोतिया रंगाची एकच एक रेशमी साडी नेसायच्या आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची खुर्ची पकडायच्या.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन कुवेतला गेले. माझा नवरा श्रीधर पुण्याचा, तिथे पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आमचा फ्लॅट मिरकाबमध्ये, एका जुन्या इमारतीत. पहिल्याच महिन्यात मी जिन्यात पाय घसरून पडले आणि मनगट धरून हॉस्पिटलात गेले. एक्स-रेच्या खोलीत शिशाचा जाड एप्रन घातलेल्या, ठेंगण्या, गोऱ्या बाई होत्या. माझ्या आधीच्या बेदूइन म्हाताऱ्याच्या छातीची प्लेट काढताना त्या ठसक्यात म्हणाल्या, "ला तितनफ्फस." श्वास घेऊ नकोस. म्हातारा इतका घाबरला की प्लेट काढून झाल्यावरही श्वास सोडेना. बाईंनी त्याच्या पाठीवर हलकेच चापट मारली आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "अहो बाबा, सोडा आता. झालं."

मी तिथेच हसायला लागले. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं आणि विचारलं, "कुठल्या गं तू?"

"पुण्याची."

"मी नाशिकची. हात ठेव इथे. हलवलास तर पुन्हा काढावी लागेल, आणि मला पुन्हा काढायला आवडत नाही."

मनगट मोडलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी त्या घरी आल्या, माझ्या हाताला स्वतः लेप लावला, श्रीधरला पोळ्या लाटायला बसवलं आणि त्याच्या पोळीचा आकार बघून म्हणाल्या, "असू दे. पोटात गेल्यावर कोण बघतंय." त्या दिवसापासून त्या आमच्या ताई झाल्या.

हॉस्पिटलात त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर 'मिस दातार' असं लिहिलेलं होतं. वय चाळिशीच्या पुढे, कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात घड्याळ. लग्न केलेलं नाही, एवढं आम्ही सगळ्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. त्यांनीही ते कधी खोडून काढलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. मराठी मंडळींत कुणाकडे हळदीकुंकू असलं, डोहाळजेवण असलं, की नेमकी ताईंची ड्यूटी असायची. एकदा एका नागपूरकरांच्या मुलाची मुंज एका फ्लॅटमध्ये झाली. ताई आल्या खऱ्या, पण आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि शेवटपर्यंत पुऱ्या तळत बसल्या. मुलाला आशीर्वाद द्यायला बोलावलं तर आतूनच म्हणाल्या, "माझे हात तेलाचे आहेत." परक्यांच्या लग्नात पुढच्या रांगेत बसणारी ही बाई घरच्या कार्यात अशी का वागते, मला कळेना. विचारायचं धैर्यही झालं नाही.

त्यांच्याबरोबर पाहिलेलं एक कुवेती लग्न मला अजून आठवतं. उम खालिद म्हणजे खालिदची आई, एक लठ्ठ, प्रेमळ बाई. तिचे गुडघे दुखायचे म्हणून ती वरचेवर एक्स-रे काढायला यायची आणि दर वेळी ताईंना खजूर द्यायची. तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला तिने ताईंना बोलावलं आणि ताईंनी मला ओढून नेलं. बायकांचा वेगळा हॉल, बाहेर काळ्या बुरख्यात आलेल्या बायका आत शिरताच लखलखीत कपड्यांत उभ्या. डफ वाजत होते. मध्येच नवरीला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या डोक्यावर एक मोठं हिरवं रेशमी कापड धरलं. चहूबाजूंनी बायका ते कापड गाण्याच्या ठेक्यावर वर-खाली करत होत्या. एका कोपऱ्याची बाई दमली, तशी उम खालिदने ताईंच्या दंडाला धरून त्यांना पुढे ओढलं.

"नको, नको," ताई मागे सरल्या. "मी इथूनच बघते."

उम खालिदला 'नको' कळत नव्हतं, किंवा कळूनही ती ऐकत नव्हती. तिने कापडाचं टोक ताईंच्या हातात कोंबलं. ताईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाकीच्या बायका हसत होत्या, गात होत्या, आणि ताईंचा चेहरा मात्र एक्स-रे काढताना असतो तसा गंभीर. परतताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "किती हलकं होतं गं ते कापड."

आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये तेव्हा एक जपानी जोडपं राहत असे. नवरा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. बायकोचं नाव मिचिको. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच बेताचं, त्यामुळे आमचं छान जमलं. ताईंनी तिला थालीपीठ शिकवलं, तिने ताईंना कागदाचे पक्षी. काम संपल्यावर ती दोघं जपानला परत गेली आणि जाताना मिचिकोने आम्हा दोघींना पुन्हा पुन्हा सांगितलं, "वसंतात या. वसंतातच या."

असं कुणी म्हणतं आणि कुणी जात नाही. पण पुढे दोनेक वर्षांनी श्रीधरला कारखान्याची काही यंत्रं तपासून घ्यायला कोबेला पाठवायचं ठरलं, आणि माझंही जायचं जमलं. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी पण येते."

"ताई, तुमची रजा तर नाशिकसाठी असते ना?"

"दर वर्षी तिथेच जाते. नाशिक कुठे पळून चाललंय?"

त्यांच्या भावाला हे मुळीच आवडलं नाही. बाईमाणसाने एकटीने जपानला जाऊन काय करायचं, असं त्याने फोनवर विचारलं. ताईंनी उत्तर दिलं, "लग्न बघायचंय." भावाला वाटलं, बहिणीचं डोकं फिरलं.

कुवेतमध्ये वसंत येतो आणि नीट बघेपर्यंत जातो. थोडे दिवस वाळवंटावर हिरवी लव उगवते, लोक तंबू ठोकून राहतात, आणि मग धुळीचं वादळ येऊन सगळं पुसून टाकतं. त्यामुळे कोबेजवळच्या आपल्या गावात मिचिको आम्हाला देवळाकडे घेऊन निघाली तेव्हा दुतर्फा फुललेली झाडं बघून मी जागच्या जागी उभी राहिले. ताई मात्र झपाझप पुढे. "फुलं कुठे जात नाहीत, नीला. लग्न सुरू होईल." मिचिकोने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की रविवारी देवळात एक तरी लग्न असतंच.

आणि होतं. आम्ही पायऱ्या चढून वर गेलो तर वरात निघत होती. पुढे पुजारी, मागे पांढऱ्या-तांबड्या वेशातल्या दोन मुली, बासरीसारखं काहीतरी वाजवणारे वादक, आणि मग मोठ्या लाल छत्रीखाली नवरी. नवरी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वस्त्रात. डोक्यावरही पांढरी, रुंद टोपी, चेहरा निम्मा झाकेल अशी. तिच्या पायातल्या खडावांचा आवाज सोडला तर सगळं शांत. ना ढोल, ना ताशा, ना मुलांची पळापळ.

ताईंनी माझा हात धरला. "पांढरं नेसलीय," त्या पुटपुटल्या.

मिचिकोला वाटलं त्या टोपीबद्दल विचारतायत. तिने समजावलं की ती टोपी नवरीची शिंगं झाकायला असते. बायकांना मत्सराची शिंगं फुटतात, लग्नात ती दिसू नयेत म्हणून.

"आमच्याकडे ती सासूच्या डोक्यावर शोधतात," ताई म्हणाल्या. मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा मिचिको तोंडावर हात ठेवून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मंडप चारी बाजूंनी उघडा होता. आम्ही कुंपणाशी उभं राहून बघत होतो. नवरा-नवरीने एकामागून एक लहानमोठ्या पेल्यांतून घोट घोट घेतला. काय पितायत ते मिचिकोने सांगितल्यावर ताईंनी डोळे मोठे केले. कुवेतमध्ये दारूची बाटली सापडली तर माणसाला देशाबाहेर काढतात, आणि इथे देवाच्या पुढ्यात पुजारी स्वतः ओततोय. "चांगलं आहे," ताई म्हणाल्या. "लपूनछपून नाही."

विधी संपल्यावर सगळे फोटोसाठी बाहेर आले. नवरीची मान अवघडली असावी, पाठीमागे तिची वस्त्रं जरा वाकडी झाली होती. गर्दीतून एक वाकलेली म्हातारी पुढे आली. काळा किमोनो, पांढरे केस. तिने नवरीच्या मानेजवळची घडी सारखी केली, खांद्यावरून हात फिरवला, टोपीची कड नीट बसवली. मग दोन पावलं मागे जाऊन बघितलं, पुन्हा पुढे आली आणि पुन्हा सारखी केली.

"ही कोण?" ताईंनी विचारलं.

मिचिकोने जवळच्या बाईला विचारून सांगितलं, "नवरीची आजी."

"तिचे यजमान कुठे आहेत?"

मिचिकोने पुन्हा विचारलं. "युद्धात गेले. नवरीची आई तेव्हा लहान होती."

ताई म्हातारीकडे बघत राहिल्या. म्हातारी आता नवरीच्या हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवत होती.

"नीला, मिचिकोला विचार, तिला हे चालतं का?"

मी तोंड उघडलं आणि अडकले. चालतं म्हणजे काय, हे इंग्रजीत कसं सांगायचं मला सुचेना. अलाउड आहे का, असं काहीतरी मी विचारलं. मिचिकोने गोंधळून उलट विचारलं, "काय अलाउड? आपल्याच नातीला हात लावायला?"

ताईंना उत्तर मिळालं होतं. त्या एकदम पुढे झाल्या, नवरीसमोर उभ्या राहिल्या आणि लग्नाचा जो शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडात बसला होता तो म्हणाल्या, "मबरूक." अरबीतलं अभिनंदन. नवरीला एक अक्षर कळलं नाही, पण तिने कमरेत वाकून नमस्कार केला. आजीनेही केला. ताईंनी हात जोडले, मग त्यांच्यासारख्याच वाकल्या. कोण आधी सरळ होणार हे कळेना, म्हणून तिघी बराच वेळ वाकत-उठत राहिल्या.

नंतर आम्ही झाडाखाली चटई पसरून बसलो. ताई मासे खात नाहीत हे ठाऊक असल्यामुळे मिचिकोने नुसत्या भाताचे गोळे करून आणले होते, आत आंबटखारट फळ. ताई म्हणाल्या, "हे तर लोणचंच आहे," आणि आपल्या डब्यातली दशमी तिला दिली. मिचिको पाणी आणायला गेली तेव्हा त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"माझं लग्न झालं होतं, नीला. मी एकोणीस वर्षांची होते. वर्षही झालं नाही, ते टायफॉइडने गेले. चांगले होते गं. शिट्टी छान वाजवायचे. आता चेहरा नीट आठवत नाही, शिट्टी आठवते."

मी हातातला भाताचा गोळा खाली ठेवला.

"बाबांनी मला परत आणलं, एक्स-रेच्या कोर्सला मुंबईला पाठवलं. त्यांचे उपकारच. पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आत्याने सांगितलं, कुमुदला मागच्या खोलीत बसू दे. कुणी रागावून नाही बोललं. सगळे अगदी प्रेमानेच बोलले. मी बसले. भिंतीपलीकडे मंगलाष्टकं चालली होती. लोक 'सावधान' म्हणायचे आणि मला वाटायचं, आता अंतरपाट काढतील, आता ती वर बघेल. तिने हार कसा घातला, कुणाकडे बघितलं, काही दिसलं नाही. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली होती ती." त्यांनी मांडीवर पडलेल्या पाकळ्या झटकल्या. "कुवेतला आल्यावर कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मिस तर मिस. आणि बाहेरच्यांच्या लग्नात मला उठवणारं कुणी नव्हतं."

मिचिको पाणी घेऊन आली. आमचे चेहरे बघून ती ताईंच्या अगदी शेजारी येऊन बसली.

परत आल्यावर ताईंनी एक केलं. गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींत कुणीतरी लग्नावरून त्यांची थट्टा केली, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "माझं झालंय लग्न. यजमान वारले." मग कुणीतरी प्रसादाचं ताट पुढे केलं. कुणी त्यांच्याशी वाईट वागलं नाही. पण हळदीकुंकवाच्या दिवशी 'ताई, आज ड्यूटी आहे का' असं विचारून त्यांना बोलावणं मात्र थांबलं.

एव्हाना ऐंशीचं दशक उजाडलं होतं आणि आम्ही फिंतासला, समुद्राजवळच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. ताईंच्या हॉस्पिटलात शालिनी नावाची एक नर्स होती, उदगीरकडची, काळीसावळी, धीट मुलगी. तिचं एका नाशिकच्या तंत्रज्ञाशी जमलं. दोन्हीकडचे आईवडील येऊ शकत नव्हते, पण लग्न इथेच उरकून घ्या, असं त्यांनी कळवलं. आमच्या दिवाणखान्यात लग्न करायचं ठरलं. मुलाकडून वडीलधारी म्हणून त्याची मामी होती, अहमदीला राहणारी. बाई कामसू, मायाळू, पण रीतीला पक्की.

सकाळी हळद कालवून झाली. मामींनी विचारलं, "मुलीला पहिली हळद कोण लावणार?"

शालिनी पाटावर बसल्या बसल्या म्हणाली, "ताई लावतील की. माझी आई इथं नाही तर ताईच हायत."

मामींनी मला बाजूला घेतलं. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तसं माझ्या मनात काही नाही हो. पण नव्या संसाराची सुरुवात आहे. सवाष्णीने लावलेली बरी."

त्या हळू बोलल्या, पण अंतर दोन पावलांचंच होतं. ताईंनी ऐकलं. मला वाटलं, आता त्या स्वयंपाकघरात जातील. त्या उठल्याही. पण दाराकडे न जाता शालिनीसमोर येऊन बसल्या.

"मामी चुकीचं बोलत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या पोटात भीती आहे आणि ती तुमच्यासाठीच आहे. मी तुला विचारते शालिनी. माझा संसार वर्षभरही टिकला नाही. माझा हात लागला तर तुझ्या मनात कुठे काही येईल का? खरं सांग. आलं तर मी लावणार नाही आणि मला रागही येणार नाही. पण मी मागे जाऊन बसणार नाही. इथेच बसेन."

शालिनी त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी काय बोलायलाव? मला कावीळ झाली तवा तुमीच मला चारलं, धुतलं, उठवलं, बसवलं. तवा तुमचाच हात चालला. आन् आज का चालंना मग?" आणि तिने गाल पुढे केला.

ताईंनी बोटं हळदीत बुडवली. हळद गालाला कमी आणि पाटावर जास्त सांडली. मामी खिडकीशी पाठ करून उभ्या होत्या. मग त्या वळल्या, पदर खोचला, शेजारी येऊन बसल्या आणि ताईंच्या हाताखाली वाटी धरली.

"जरा जास्त लावा," त्या म्हणाल्या. "फोटोत दिसायची नाही."

मंगलाष्टकांच्या वेळी ताई शालिनीच्या मागे उभ्या होत्या. श्रीधरचे हिशेब खात्यातले एक मित्र गुरुजी झाले होते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आवाज बेताचा ठेवला होता, पण सूर चांगला लागला. 'सावधान' झालं की आम्ही सगळे अक्षता टाकत होतो. अंतरपाट खाली आला. शालिनीने आधी खाली बघितलं, मग मान वर करून नवऱ्याकडे, आणि हार घालताना तिला हसू आवरेना. टाळ्या झाल्या.

मी ताईंकडे बघितलं. त्यांची मूठ अजून बंद होती. मी ती उघडली, तर आत सगळ्या अक्षता तशाच, घामाने ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या.

"ताई, टाकायच्या होत्या."

"हो का," त्या म्हणाल्या. "मी बघत होते."

पुढे काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. हॉस्पिटलात निरोप झाला, उम खालिदने खजुराचा अख्खा खोका पाठवला, आणि एका दुपारी आम्ही दोघं त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सामान देऊन झालं, आत जायला थोडा वेळ होता. तेवढ्यात ताईंचं लक्ष येणाऱ्या प्रवाशांच्या दाराकडे गेलं. एक कोवळी मुलगी ट्रॉलीला धरून उभी होती. डोक्यावर ओढणी, हातांवर कोपरापर्यंत मेंदी, डोळे भिरभिरत होते. ताई तिच्याकडे गेल्या. ती रत्नागिरीकडची, मुसलमान कुटुंबातली, कोकणी बोलणारी. लग्न होऊन महिना झाला होता, नवरा शहराबाहेर अम्गराला एका गॅरेजमध्ये कामाला, आणि तो घ्यायला आला नव्हता.

"निळो शर्ट घालून येतंय म्हणालो होतो तो," ती म्हणाली आणि पुन्हा रस्त्याकडच्या दाराकडे बघायला लागली.

ताईंनी तिच्या हातातली ट्रॉली श्रीधरकडे दिली, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं. नवऱ्याचं नाव विचारून श्रीधरला ते लाउडस्पीकरवर पुकारायला पाठवलं. स्वतः त्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक निळ्या शर्टाला अडवून "तुम्हीच का" असं विचारत सुटल्या. इतक्यात त्यांच्या विमानाची शेवटची सूचना झाली. त्या परत आल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "नीला, तू हिच्याजवळ थांब. मला पोचवायला येऊ नकोस. तो आला की आधी नाव विचार, मगच हिचा हात सोड."

एवढं बोलून पर्स खांद्याला लावून त्या निघाल्या आणि पासपोर्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी मुलीचा हात धरून बसले होते. निरोपाचं एकही वाक्य आमच्यात झालं नव्हतं.

थोड्या वेळाने एक तरुण धापा टाकत आला. शर्ट निळा होता, पण ग्रीसच्या डागांनी भरलेला. वाटेत पिकअप बंद पडली होती. मी त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं, पण बघत होता तिच्याकडे. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, ओढणीच्या टोकाने त्याच्या गालावरचा काळा डाग पुसला आणि म्हणाली, "किती उशीर."

मी घाईने मागे वळले, ताईंना खूण करायला. पासपोर्टच्या रांगेत त्यांच्या जागी दुसरंच कुणीतरी उभं होतं.